अँटिडोट म्हणजे उतारा

माझ्या लोखंडी पेटीत तीन कागद जपून ठेवलेले आहेत. एक शेताचा जुना सातबारा उतारा, दुसरी लग्नाची पत्रिका आणि तिसरं १९७६ सालच्या दहावीचं गुणपत्रक. मराठीत ५८, गणितात कसेबसे ३९ आणि इंग्रजीत २७. ऑक्टोबरला पुन्हा बसलो तर ३१. पास व्हायला ३५ लागायचे. चार गुण कमी पडले आणि आप्पा म्हणाले, "बस झालं आता, वखर धर." तो धरला तो आजपर्यंत सुटला नाही.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकती सुरू झाली होती. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या खेड्यातून आम्ही सात पोरं परीक्षेला बसलो. पाच जण नापास झालो आणि पाचही जण इंग्रजीत. गावात त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. पाऊस पडला नाही तर जसं म्हणतात, "यंदा नाही आला," तसंच इंग्रजीचं म्हणायचे.

मी अभ्यास केला नव्हता असं नाही. गाईडच्या शेवटी शब्दार्थांची पानं असायची, ती मी सगळी पाठ केली होती. डाव्या बाजूला इंग्रजी, उजवीकडे मराठी. पहाटे कंदील लावून, गोधडी पांघरून घोकायचो. त्यातला एक शब्द होता अँटिडोट. समोर लिहिलं होतं, उतारा. हा शब्द मला आजही त्या पानावर कोणत्या जागी होता ते दिसतं. त्याचं कारण पुढे सांगतो.

१९८४ चा पोळा नुकताच झाला होता. कपाशीवर अळी पडली होती. आमचा सालदार पाठीवर पंप घेऊन सकाळपासून फवारत होता. औषध होतं मोनोक्रोटोफॉस. तेव्हा तोंडाला फडकं बांधायची पद्धत नव्हती. हातमोजे तर आम्ही पाहिलेसुद्धा नव्हते. वारा फिरला की औषध अंगावर येई. दुपारी तो बांधावर बसला आणि उलट्या करायला लागला. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांसमोर अंधारी. माय भाकरी घेऊन आली होती, ती ओरडली, "काय व्हयनं रे याले?"

मी बाटली हातात घेतली. कागद ओला होऊन अर्धा निघाला होता, पण अक्षरं दिसत होती. सगळं इंग्रजी. एक एक अक्षर जुळवत वाचलं आणि तो शब्द सापडला. अँटिडोट. मला आनंदच झाला, कारण हा शब्द मला येत होता! अँटिडोट म्हणजे उतारा. पण उतारा म्हणजे काय? माझ्या डोक्यात दोनच उतारे होते. एक पुस्तकातला, "खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा." दुसरा तलाठ्याकडचा सातबारा. मला वाटलं, कंपनीने काहीतरी उतारा छापला असेल. मी बाटली तिथेच बांधावर ठेवली आणि त्याला गाडीत घालून शिरपूरला निघालो.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "औषधाची बाटली आणली का?" नव्हती आणली. त्यांनी लक्षणांवरून इलाज सुरू केला, पण माणूस पाठवून बाटली आणायला लावली. सायकलवर पोरगा गेला आणि परत आला त्यात दीड तास मोडला. बाटली आल्यावर डॉक्टरांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे पाहा. अँटिडोट, ॲट्रोपिन. विषावरचा उतारा कोणता ते इथेच लिहिलेलं असतं. बाटली कधी मागे ठेवू नका."

सालदार वाचला. चौथ्या दिवशी घरी आला. पण त्याच्या हाताला पुढे किती तरी महिने कंप होता आणि फवारणीचा पंप त्याने परत पाठीला लावला नाही. पुढच्या आखाजीला त्याचं साल पुन्हा ठरवलं, तेव्हा आप्पांनी ती अट स्वतःहून मान्य केली.

त्या रात्री मी आजीला विचारलं, उतारा म्हणजे काय? ती म्हणाली, "इख उतरस त्याले उतारा म्हंतस. इच्चू चावना की देतस ना!" आजी कधी शाळेची पायरी चढली नव्हती. तिला तो अर्थ माहीत होता आणि दहावीपर्यंत शिकलेल्या मला नव्हता. इंग्रजी शब्द मला आला होता, त्याचा मराठी अर्थही तोंडपाठ होता, फक्त तो शब्द ज्या गोष्टीचा होता ती गोष्ट मला कोणी दाखवली नव्हती.

त्या दिवसापासून मी एक वही केली. जिथे इंग्रजी शब्द दिसेल तिथून उतरवून घ्यायचा, आणि तो कोणत्या वस्तूवर सापडला ते शेजारी लिहायचं. ती वही लिहिता लिहिता मला एक दिसलं. इंग्रजी आमच्या शिवारात शाळेतून आलीच नव्हती. ती आधीच येऊन बसलेली होती, आम्हीच तिला ओळखत नव्हतो.

ती कशी आली ते सांगायचं तर आमच्याच तालुक्यातल्या थाळनेरपासून सुरुवात करावी लागेल. थाळनेर म्हणजे एके काळी फारुकी राजांचं ठाणं. तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष अजून आहेत. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेश इंग्रजांना देऊन टाकला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा. आत अरब शिबंदी. तोफा चालल्या, मग किल्लेदार बाहेर आला आणि शरणागतीचं बोलणं सुरू झालं. पण आतल्या अरबांशी दरवाज्यात बोलणं चालू असताना गैरसमज झाला आणि तलवारी निघाल्या. दोन गोरे अधिकारी तिथेच पडले. मग इंग्रज फौजेने आतली तीनशेच्या आसपास माणसं कापून काढली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर चढवलं.

मी थाळनेरला गेलो की त्या दरवाज्याच्या जागी थोडा वेळ थांबतो. एका बाजूला इंग्रजी बोलणारे, एका बाजूला अरबी बोलणारे, मध्ये आपली मराठी. एकाचं दुसऱ्याला धड कळलं असतं तर कदाचित तेवढी माणसं वाचली असती. इंग्रजी आमच्या तालुक्यात आली ती अशी.

मग धुळ्याला कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला कलेक्टर म्हणून बसला आणि सरकारी शब्द यायला लागले. कलेक्टर, कोर्ट, समन्स, स्टॅम्प. त्यातला एक शब्द लोकांना फार झोंबला. तो सर्व्हे. जमिनी मोजून सारा ठरवायला मोजणीवाले आले तेव्हा लोक चिडले. १८५२ साली सावदा, एरंडोल भागात हजारोंनी लोक जमले आणि मोजणी बंद पाडली. सरकारला फौज आणावी लागली. ज्या शब्दासाठी आपल्या खापरपणजोबांनी दंगा केला, तो शब्द आज आमच्या घरात इतका मुरलाय की म्हातारी बाईसुद्धा सांगते, "आमना सर्वे नंबर अमका." तिला तो इंग्रजी वाटतच नाही.

नंतर कापसाने शब्द आणले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जागोजागी जिन उभे राहिले. आधी आपल्याकडे सरकी काढायला हातची चरकी होती. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, त्याला तिकडे जिन म्हणत. हा जिन शब्द म्हणजे इंजिन शब्दाचंच तोडलेलं शेपूट आहे, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही विहिरीवर इंजिन चालवायचो आणि कापूस जिनात घालायचो. दोन्ही एकाच आईची लेकरं, पण ओळख नव्हती.

आणि शब्द नुसते तिकडून इकडे आले असंही नाही. कापसाची खंडी इंग्रजांनी उचलली आणि तिची कँडी केली. आपल्या बांधावरचं मुंगूस त्यांनी नेलं आणि त्याचं मंगूस केलं. मोलस्वर्थ नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस मराठी शब्द गोळा करत बसला. १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात एकेका मराठी शब्दाला पाच-पाच, सहा-सहा अर्थ दिलेले आहेत. माझ्या गाईडने एका शब्दासमोर एकच अर्थ दिला होता. मोलस्वर्थला माहीत होतं की शब्दाला गोतावळा असतो.

माझ्या हयातीत शब्दांची तिसरी लाट आली. १९६४ ला संकरित ज्वारी आली आणि हायब्रीड शब्द गावात आला. १९७० ला सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे संकरित कपाशीचं वाण काढलं. सुरत आम्हाला लांब नाही, वाण लवकरच इकडे आलं. वीज आली तशी मोटर, स्टार्टर, फ्यूज, डीपी आले. सोसायटी, लोन, मार्केट, युरिया, पाईप, व्हॉल्व्ह, बोअर. मी एकदा घरच्या माणसांच्या तोंडून रोज येणारे इंग्रजी शब्द मोजले. माय, आप्पा, सालदार आणि शेजारचे दोघे. महिनाभरात ४१२ शब्द भरले. ही सगळी माणसं "आम्हाला इंग्रजी येत नाही" असं म्हणणारी.

मग शाळेत काय बिघडत होतं?

आमचे मोठे काका व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवी झालेले. त्यांच्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पानं पिवळी पडलेली. पिढ्यान् पिढ्या मराठी माणूस त्या पुस्तकावर इंग्रजी शिकला. तिची रीत मला आजही पटते. थोडे शब्द द्यायचे आणि लगेच त्यांचीच वाक्यं करून घ्यायची. पण काकांच्या शाळेत इंग्रजीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होती आणि आठवीची शाळा शिरपूरला. आमच्या वेळेला ती पाचवीपासून झाली. २००० सालापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली. आता गावोगावी सेमी-इंग्रजी आहे. वर्ग खाली खाली येत गेला, पण घोकायची रीत फार बदलली नाही.

आमच्याकडे आणखी एक अडचण होती, ती पुण्या-मुंबईच्या माणसांच्या ध्यानात येत नाही. आमच्या घरात मराठी बोलत नाहीत. आमची बोली अहिराणी. पुस्तकातला 'मुलगा' आमच्याकडे आंडोर, 'मुलगी' म्हणजे आंडेर, 'येथे' म्हणजे आठे, 'तेथे' म्हणजे तठे. म्हणजे आम्हाला इंग्रजी शब्द शिकायचा तर आधी पुस्तकी मराठीच्या दारात जायचं आणि तिथून घरी यायचं. पुष्कळ शब्द मधल्या दारातच राहायचे. उतारा तसाच राहिला.

पाचवीला आम्हाला एक सर होते. एकच वर्ष होते, मग त्यांची बदली झाली. ते आपल्याच भागातले. पहिल्या आठवड्यात त्यांनी एका पोराला बोलावलं, "कम हिअर." पोरगं हलेना. सर म्हणाले, "आरे, हिअर म्हंजे आठे! कम हिअर म्हंजे आठे ये!" सगळा वर्ग हसला. वर्गात अहिराणी बोलायची आम्हाला बंदी होती आणि इथे सरच बोलत होते. मग त्यांनी दोन पोरं उठवली. एकाला "गो देअर" म्हटलं, तो खिडकीकडे गेला. दुसऱ्याला "कम हिअर" म्हटलं, तो टेबलाजवळ आला. तासभर आम्ही नुसते आठे-तठे करत होतो. घरी जाऊन मी बैलालासुद्धा कम हिअर म्हणून पाहिलं.

आज पासष्टीला मी माझ्याशीच हिशोब केला. त्या सरांनी पाचवीत शिकवलेला एकही शब्द मी विसरलो नाही. पुढे दहावीला गाईडमधून पाठ केलेले शेकडो शब्द, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले.

माझी थोरली मुलगी डी.एड. करून जिल्हा परिषदेत शिक्षिका झाली. ती अभ्यास करत होती तेव्हा मी तिची पुस्तकं चाळायचो. तिने मला मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज मास्तराची हकिगत सांगितली. हा माणूस १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांच्या कॉलेजात होता. त्याने पाहिलं की बंगाली पोरं इंग्रजीची पुस्तकं वाचताना दमून जातात, कारण प्रत्येक ओळीत नवीन शब्द. पानात खड्डेच खड्डे. मग त्याने पोरांसाठी वेगळी वाचनमाला लिहिली. अवघड, क्वचित लागणारे शब्द काढून टाकले, नवे शब्द लांब लांब पेरले, आणि एकदा आलेला शब्द पुढच्या पानांत पुन्हा पुन्हा आणला. १९५३ साली त्याने सर्वांत जास्त लागणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. साध्या इंग्रजी लिखाणात शंभरातले ऐंशीच्या आसपास शब्द तेवढ्या यादीतच सापडतात.

मी मुलीला म्हटलं, "हे तर पेरणीसारखं झालं." बी दाट पडलं की रोपं एकमेकांना खातात, विरळणी करावीच लागते. आणि पेरून नुसतं चालत नाही, पाण्याची पाळी लागते. ती म्हणाली, त्याचाही शोध लागलाय. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये लिहून ठेवलं की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वांत जास्त गळतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पाळी द्यायची.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर संध्याकाळी गल्लीतली पोरं जमायला लागली. मी मास्तर नाही, मी इंग्रजीत नापास झालेला माणूस, हे मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगतो. मग त्यांचा धीर वाढतो.

आमची रीत साधी आहे. दिवसाला तीन शब्द, जास्त नाही. शब्द वस्तूवरून घ्यायचा. युरियाची गोणी आणायची आणि तिच्यावर नायट्रोजन ४६ टक्के लिहिलंय ते पोरांनी शोधायचं. औषधाच्या रिकाम्या डब्याला हात लावायचा नाही, त्याचा कागद मी लांबून दाखवतो. त्यावरचा चौकोन, त्यातले रंग. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. पॉयझन शब्द लाल रंगाशेजारी शिकला की तो जन्मभर जात नाही.

दुसरं, शब्द एकटा घ्यायचा नाही, त्याचं घर पाहायचं. यूज आला की यूजफुल, यूजलेस, यूजर हे सगळे त्याच घरचे. यूजलेसमधलं लेस वायरलेसमध्येही आहे, म्हणजे लेस लागलं की ती गोष्ट नाही. एकदा मी विचारलं, "मोबाईलचा रिचार्ज म्हणजे काय?" पोरं म्हणाली, पैसे भरायचे. मग त्यांना नाल्यावर नेलं. २००४ पासून आमच्या तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने नाले रुंद आणि खोल करून बंधारे घातले. त्यात साठलेलं पाणी आटलेल्या विहिरींत जिरवलं. सगळा महाराष्ट्र त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतो. मी म्हटलं, "ही विहीर रिकामी झाली होती, ती पुन्हा भरली. हाही रिचार्ज." एक पोरगी लगेच म्हणाली, "मग रिटर्न म्हणजे पुन्हा वळणं, आणि रिपेअर म्हणजे पुन्हा नीट करणं!" तिला त्या दिवशी तीन नाही, कितीतरी शब्द एकदम मिळाले, आणि ते तिचे तिनेच काढले.

तिसरं, शब्दाचं वाक्य झाल्याशिवाय तो वहीत चढवायचा नाही. व्हॉल्व्ह हा शब्द सगळ्यांना येतो. पण "ओपन द व्हॉल्व्ह" म्हटल्यावर एकाने जाऊन खरोखर ठिबकचा व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. आणि अर्थ आधी घरच्या बोलीत सांगायचा, मग पुस्तकी मराठीत. आठे, येथे, हिअर. तिन्ही भाषा राहिल्या पाहिजेत, एकीने दुसरीला घराबाहेर काढायचं नाही. धुळ्याला राहून गेलेले इतिहासाचार्य राजवाडे इंग्रजी उत्तम जाणत होते, पण लिहिलं मराठीतच. इकडे सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या आपल्या कवितासंग्रहात इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, तेही मराठी कवितेत. मला दोघांचंही पटतं.

माझी मुलगी आता सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिकवते. तिथली पोरं पावरी बोलतात, बाजारात अहिराणी ऐकतात, पुस्तकात मराठी वाचतात आणि पहिलीपासून इंग्रजी. तिच्या पुस्तकात ए फॉर ॲपल होतं. पोरांनी सफरचंद पाहिलेलं नव्हतं. तिने ए फॉर ॲक्स केलं आणि एकाच्या बापाची कुऱ्हाड भिंतीला टेकवून दाखवली. पोरं म्हणाली, हे तर आमच्या घरचं. एमसाठी तिने मोहाचं फूल घेतलं, कारण इंग्रजीतही त्याला महुआच म्हणतात. पोरांना वाटलं, इंग्रजीत आपलं झाडही आहे तर!

माझा नातू मात्र शहरात इंग्रजी शाळेत जातो. रोज वीस स्पेलिंगं पाठ करतो. फडाफडा बोलतो, ऐकून बरं वाटतं. गेल्या दिवाळीत तो गावी आला होता. गोठ्याच्या कोनाड्यात औषधाची बाटली होती, मी ती हातात धरून त्याला कागद वाचायला लावला. त्याने न अडखळता वाचलं. मी विचारलं, "अँटिडोट म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "आबा, स्पेलिंग सांगू?" आणि सांगितलंही, एकही अक्षर चुकलं नाही.

मला १९८४ ची ती दुपार आठवली. मध्ये इतकी वर्षं गेली, वर्ग पाचवीवरून पहिलीवर आला, गाईड जाऊन मोबाईल आला, पोराचे उच्चार माझ्यापेक्षा शंभरपट चांगले. आणि शब्द अजून बांधावरच पडलेला.

आमचा तो सालदार आता म्हातारा झालाय. कामाला येत नाही, पण रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतो, चहा घेतो. मी नातवाला त्याच्याकडे नेलं. म्हटलं, "याला विचार."

पोराने विचारलं. त्याने थोडा वेळ बाटलीकडे पाहिलं. मग हाताने तिला लांब ठेवायची खूण केली आणि म्हणाला, "उतारा रे भो. त्यानामुळे मन्हा जीव वाचना."

नातू त्याच्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, "कसा वाचला, सांगा ना." म्हाताऱ्याने कप खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.